देवांची वाटणी

आईचे वर्षश्राद्ध झाले आणि राजाबाजारातला आमचा वाडा बिल्डरला द्यायचा ठरला. आम्ही तिघे भाऊ एका रविवारी वाटणीला बसलो. तांब्याचे मोठे घंगाळ कोणी न्यायचे यावरून शब्दाने शब्द वाढला. पितळी डब्यांवरून धाकट्या भावजयीने डोळ्यांना पदर लावला. ज्या अडकित्त्याने गेल्या वीस वर्षांत कोणी सुपारी कातरली नव्हती, तो एकाएकी दोघांना हवासा झाला. दुपार संपली, दोन वेळा चहा झाला, तरी भांडी काही संपेनात.

मग मधला भाऊ म्हणाला, "आणि देव?"

देव्हाऱ्यात लहानमोठे सतरा देव होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, शाळिग्राम, बाण, भवानीचा आणि खंडोबाचा चांदीचा टाक. कित्येक पिढ्यांच्या हातांनी घासून-घासून बाळकृष्णाचे नाकडोळे पार गुळगुळीत झालेले. वडील होते तोवर पूजा त्यांची आणि तयारी आईची. वडील गेल्यावर दोन्ही आईकडे आले. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत तिने एक दिवसही देव पारोसे राहू दिले नाहीत.

भांड्यांसाठी सरसावलेले हात आता मांडीखाली गेले. ठाण्याचा मधला म्हणाला, "आम्ही दोघंही सकाळी सातला घर सोडतो. देवांना उपाशी ठेवण्यापेक्षा..." पुण्याचा धाकटा म्हणाला, "आमचा देव्हारा भिंतीतल्या कपाटात आहे, त्यात सतरा मावायचे नाहीत." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. थोरला मी, रूढीने देव माझ्याकडेच यायचे. मी म्हणालो, "बघू." आयुष्यभर शाळामास्तरकी करून एक गोष्ट मला कळली आहे, की ज्याला 'नाही' म्हणायचे धैर्य नसते तो 'बघू' म्हणतो.

आमच्या गुरुजींना विचारले तर त्यांना नवल वाटले नाही. "हल्ली पुष्कळ घरं हेच विचारायला येतात," ते म्हणाले. "कोणी देवळात नेऊन देतात, कोणी पैठणला गोदावरीत सोडतात." तेवढ्यात धाकटा भाऊ उसळून म्हणाला, "नदीत? आईचे देव नदीत सोडायचे?" ज्याला आपल्या घरी वीतभर जागा सापडत नव्हती, त्याच्या डोळ्यांत खरोखरीच पाणी आले होते. मला त्याचा राग आला. पण राग येण्याचा अधिकार मला तरी कुठे होता?

अखेर आईच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा फाडून त्यात देव गुंडाळले, ते एका पितळी डब्यात घातले, आणि डबा सिडकोतल्या माझ्या घरी माळ्यावर गेला. खाली रिकाम्या सुटकेसी, वर देव.

स्टुटगार्टचा फोन

आमचे धाकटे चिरंजीव जर्मनीत स्टुटगार्टला मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर आहेत. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत उमेदवारी करून परदेशी गेलेली अशी मुले आता आमच्या गावात घरोघर सापडतील. (हे गाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, माझ्या पिढीच्या तोंडून अजून कधी कधी औरंगाबाद निघून जाते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) देव माळ्यावर गेल्याची हकीकत त्याला फोनवर सांगितली. तो हसला नाही, हे त्याचे चांगले. म्हणाला, "बाबा, इथं तर देवाचा हिशेब पगारपत्रकात असतो."

ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच नगर कचेरीत जाऊन आपले नाव-पत्ता नोंदवावा लागतो. त्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तुम्ही कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट लिहिलेत की तुमच्या प्राप्तिकरावर शेकडा आठ किंवा नऊ, जसा प्रांत असेल तसा, चर्चचा कर बसतो. तो सरकारच कापून घेते आणि चर्चच्या हवाली करते. कर नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन 'मी चर्च सोडतो' असे रीतसर लिहून द्यावे लागते. एकट्या २०२२ सालात पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी असे लिहून दिले. कोणी पैसे वाचावेत म्हणून दिले, तर कोणी पाद्र्यांच्या गैरवर्तनाची जुनी प्रकरणे उघडकीस आली त्या संतापाने.

"हिंदूंना काही कर नाही," चिरंजीव म्हणाले. मी मनात म्हटले, आपल्याकडे असा रकाना काढून शेकडा आठ कापायचे ठरवले, तर जनगणनेतले किती धार्मिक लोक जागच्या जागी उरतील?

तो पुढे म्हणाला, "आमच्या गल्लीच्या टोकाला केवढं तरी मोठं चर्च आहे. रविवारी आत वीस-पंचवीस म्हातारी माणसं असतात. आणि पाद्री कुठला असेल? केरळचा!" ही काही थट्टा नव्हे. जर्मनीत पाद्री व्हायला तरुण मिळेनासे झाले, तेव्हापासून हिंदुस्थानातून गेलेले अनेक पाद्री तिथली चर्चे सांभाळतात.

हे ऐकून मला आमच्याच जिल्ह्यातले घोगरगाव आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून आलेले मिशनरी वैजापूर तालुक्यातल्या या खेड्यात राहिले. त्यांतल्या फादर गुरियन जाकिये यांचे नाव तिकडच्या गावांत अजून आदराने घेतले जाते. फ्रेंच माणसाने धर्म घेऊन आमच्या खेड्यात यावे आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी आमच्या माणसाने तोच धर्म घेऊन युरोपात जावे! उधारी फिटली म्हणायची, ती अशी.

"मग तिकडे धर्म संपत चालला म्हणायचा का?" मी विचारले.

"ते तुम्ही शोधून काढा. तुम्हांला वेळ आहे." चिरंजीवांनी फोन ठेवला.

रिकामे बाक

वेळ खरोखरीच होता. म्हणून थोडे वाचले, आणि जे दिसले ते सांगतो.

इंग्लंड व वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत शेकडा ५९ लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे नोंदवले होते. २०२१ मध्ये ते प्रमाण शेकडा ४६ वर आले. निम्म्याहून खाली येण्याची ही पहिलीच वेळ. 'कोणताच धर्म नाही' असे लिहिणारे २५ वरून ३७ वर गेले. अमेरिका याबाबतीत युरोपहून निराळी, असे पूर्वी सांगत. तिथेही चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद असलेल्यांचे प्रमाण १९९९ साली शेकडा ७० होते, ते २०२० मध्ये ४७ वर आले. हॉलंडमधल्या मास्त्रिख्त गावी तेराव्या शतकातले डॉमिनिकन पंथाचे एक दगडी चर्च आहे. त्यात मध्यंतरी सायकली ठेवीत असत. २००६ पासून तिथे पुस्तकांचे दुकान आहे. जिथे लोक गुडघे टेकीत तिथे आता लोखंडी शिड्या आणि पुस्तकांची कपाटे. लंडनच्या इझलिंग्टन भागात तर रिकाम्या पडलेल्या चर्चमध्ये १९७० साली स्वामिनारायणाचे मंदिर उभे राहिले.

तेव्हा आकड्यांपुरते बोलायचे तर पाश्चात्त्य देशांत धर्माचरण कमी झाले आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. पण आकड्यांवरून भविष्य सांगणारे पंडित आपल्याकडच्या पावसाच्या भाकितासारखेच फसतात. पीटर बर्जर हे अमेरिकेतले नामांकित समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९६८ साली सांगितले होते की, एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसे लहान लहान पंथांत अंग चोरून बसलेली काय ती दिसतील. तीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच गृहस्थांनी आपले चुकले असे मोकळेपणी लिहून टाकले. जग पूर्वीइतकेच धार्मिक आहे, पश्चिम युरोप हा अपवाद, असे त्यांचे नवे मत झाले. आता त्या अपवादालाही अपवाद दिसू लागले आहेत. फ्रान्समध्ये २०२५ च्या ईस्टरला दहा हजारांहून अधिक प्रौढ माणसांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकसंख्येची घसरणही गेली काही वर्षे थांबल्यासारखी दिसते.

पण मला सर्वांत विचारात पाडले ते पॅरिसच्या नोत्र दामने. १५ एप्रिल २०१९ रोजी हे प्राचीन चर्च पेटले, तेव्हा नदीकाठी उभी राहून माणसे रडत होती. ते पुन्हा उभारण्यासाठी सुमारे ८४ कोटी युरो जमले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. रडणाऱ्यांतले आणि पैसे देणाऱ्यांतले कितीजण रविवारी चर्चला जाणारे असतील? फ्रान्समध्ये तशी माणसे थोडी. तरीही ते चर्च जळून गेलेले त्यांना चालणार नव्हते.

हे वाचले आणि मला पुण्याचा धाकटा भाऊ आठवला. देव ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती, आणि ते नदीत गेलेले त्याला खपणारही नव्हते!

आपल्याकडे काय चालले आहे?

युरोपचे असे काही वाचले की आपल्याला जरा बरे वाटते. आपल्याकडे नाही असे, आपला धर्म अजून जागता आहे, असे आपण चारचौघांत म्हणतो. मीही म्हणत असे. आणि पुरावा काय दाखवावा? हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आमच्या गावाबाहेर येऊन पाहा. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी पडेगाव-मिटमिट्याचा रस्ता भरून जातो. पंचवीस किलोमीटरांची वाट, दौलताबादचा घाट, आणि चालणारी निम्मीअधिक पोरे विशी-पंचविशीतली. वाटेत जागोजागी चहा, ताक, केळी. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा पाहा. फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी पाहा. दर वर्षी गर्दी चढतीच.

पण ही गर्दी रस्त्यावरची. घरातल्या देव्हाऱ्याचे काय? मी माझ्याच घराचा हिशेब मांडला. आजोबा त्रिकाळ संध्या करीत. वडील सकाळची एक करीत. माझी मुंज झाली तेव्हा मी संध्या शिकलो आणि मॅट्रिकच्या वर्षी विसरलो. माझ्या मुलाची मुंज हॉल घेऊन, जेवणावळ घालून थाटात झाली; तो संध्या शिकलाच नाही, म्हणून त्याला विसरावीही लागली नाही. आईचा चातुर्मास, सोळा सोमवार, वैशाखातले पाण्याचे घडे, पितृपक्षातली तिथी. यांतली तिथी तेवढी उरली आहे आणि तीही रविवार पाहून करावी का, अशी घरात चर्चा होते. प्रत्येक पिढीला आपण थोडेसेच सोडले असे वाटते. चार पिढ्यांची बेरीज कोणी करीत नाही.

युरोपात ती बेरीज होते, कारण तिथला धर्म मोजता येतो. ठरलेला वार, ठरलेली वास्तू, दारातून आत गेलेली माणसे. आपल्याकडे देवघराच्या दारात कोण शिरगणती करणार? अमेरिकेतल्या प्यू या संशोधनसंस्थेने २०१९-२० मध्ये हिंदुस्थानातल्या सुमारे तीस हजार प्रौढांना विचारून पाहिले. शेकडा ९७ जणांनी देवावर विश्वास आहे असे सांगितले. रोज प्रार्थना करणारे मात्र शेकडा ६० च्या आसपास निघाले. आमचे तिघांचेही घर त्या ९७ मध्ये निश्चित बसते. त्या ६० मध्ये आम्हां तिघांपैकी एकाचेही बसत नव्हते.

वेरुळातले दोन महादेव

पण म्हणून घाबरून जावे असेही मला वाटत नाही. धर्म ओसरतो कसा आणि पुन्हा भरतो कसा, हे पाहायला आमच्या जिल्ह्याइतकी चांगली शाळा दुसरी नसेल.

वेरूळला जा. सोळा नंबरचे कैलास लेणे म्हणजे आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगर वरून खाली कोरीत आणून उभे केलेले अखंड शिवमंदिर. महादेवाला इतके मोठे घर पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी मिळाले असेल. तिथे आज तिकीट काढून जावे लागते. आत छायाचित्रे घेणारे प्रवासी आणि शाळांच्या सहली. नित्याची पूजा नाही. तिथून जवळच घृष्णेश्वराचे देऊळ आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. कैलासापुढे ते लहानच म्हणायचे. पण श्रावणी सोमवारी तिथली रांग पाहा! देव तोच, मग एक घर ओस आणि दुसऱ्यात पाय ठेवायला जागा नाही, असे का व्हावे? घृष्णेश्वराला रोज अभिषेक करणारे हात मिळत राहिले. कैलासाचे हात कधीतरी गेले, ते परत आले नाहीत. दगड तिथे आणि इथेही दगडच.

आता विद्यापीठामागच्या डोंगराकडे या. बिबी-का-मकबऱ्याच्या पलीकडे कड्यात बारा लेणी आहेत, त्यांतली बहुतेक सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची आणि बौद्धांची. पुढे भिक्षू गेले, उपासक गेले, आणि हजारएक वर्षे तिथे वटवाघळांचे राज्य होते. शंभर वर्षांपूर्वी तिथे उभ्या राहिलेल्या एखाद्या इंग्रज साहेबाने 'या देशातून हा धर्म गेला' अशी नोंद केली असती, तर तिला खोटी कोण म्हणाले असते?

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी महाविद्यालय काढले; त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. बौद्ध ग्रंथांतला प्रश्न विचारणारा राजा आणि त्याला उत्तरे देणारा भिक्षू या गावाच्या पत्त्यात आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात काही हजारांत मावणारे बौद्ध १९६१ मध्ये सत्तावीस लाखांहून अधिक झाले. आज धम्मचक्र प्रवर्तनदिनी, विजयादशमीला, त्या लेण्यांच्या पायथ्याशी पांढऱ्या वस्त्रांतल्या माणसांचा पूर लोटतो. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम गेलो होतो. कडेवर मूल घेतलेली एक बाई पायऱ्या चढत होती आणि चढता चढता मुलाला वंदनेचे शब्द शिकवीत होती. मूल चुकले की ती थांबे, पुन्हा सांगे, मग पुढची पायरी. प्यूच्याच त्या पाहणीत एकतृतीयांश बौद्धांनी आपला देवावर विश्वास नाही असे सांगितले आहे. म्हणजे देव न मानताही वंदना चुकत नाही, आणि इकडे देव मानूनही आमची पूजा चुकते!

त्या पायऱ्यांवर मला एक गोष्ट उमगली. धर्माचरण वादविवादाने बुडत नाही आणि व्याख्यानांनी तरतही नाही. ते कोणाच्या तरी हातावर उभे असते. तो हात सुटला आणि दुसऱ्या हातात गेले नाही, की ते संपते. भोवतालची माणसे श्रद्धाळूच असतात, त्यांना कळतसुद्धा नाही.

मुखत्यारीचा धर्म

तो हात कोणाचा? कॅलम ब्राऊन या इतिहासकारांनी ब्रिटनमधला ख्रिस्ती धर्म कसा मावळला यावर २००१ साली एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की तिथली धार्मिकता मुख्यत्वे बायकांनी सांभाळली होती. मुलांना चर्चला नेणे, प्रार्थना शिकवणे, घराचे वळण राखणे हे सारे त्यांचे. १९६० नंतर तरुण मुलींचे आयुष्य बदलले, आणि बघता बघता चर्चे रिकामी झाली. यावर पंडितांचे वाद आहेत. पण मला ते वाचताना पहाटे वाती वळणारी आई दिसत होती. पुरुष मंडळी कद नेसून मंत्र म्हणत, त्याला पूजा म्हणायचे. त्याआधीचे फुले वेचणे, गंध उगाळणे, उपकरणी घासणे, सोवळ्यातला स्वयंपाक, नैवेद्य, याला नावच नव्हते.

ग्रेस डेव्ही या इंग्रज समाजशास्त्रज्ञ बाईंनी युरोपच्या धर्माविषयी दोन मार्मिक गोष्टी सांगितल्या आहेत. एक, तिथल्या पुष्कळांची श्रद्धा आहे, पण हजेरी नाही. दुसरी त्याहून खोल. थोडी माणसे चर्चला जातात, ती बाकीच्यांच्या वतीने जातात. आणि न जाणाऱ्यांची त्याला मूक संमती असते. आपण जात नसलो तरी कोणीतरी तिथे मेणबत्ती लावते आहे, एवढ्यावर ते निर्धास्त असतात. आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत याला मुखत्यारी म्हणता येईल. आम्ही तिघा भावांनी आईच्या नावे असेच मुखत्यारपत्र करून दिले होते. परीक्षा असो, बदली असो, ऑपरेशन असो, आम्ही फोनवर सांगायचो, "आई, देवांना सांग." देवांचा आणि आमचा प्रत्यक्ष व्यवहार नव्हताच. मुखत्यार गेला तेव्हा कळले की मूळ कागदावर सही आपली आहे.

माळ्यावरून खाली

आता देवांचे काय झाले ते सांगतो. डबा माळ्यावर गेल्याला दोन महिने झाले होते. एके रात्री जेवताना मी घरात विषय काढला.

सौभाग्यवती स्पष्ट बोलल्या. "मी तीस वर्षं नोकरी केली ती सासूबाई देवांचं बघत होत्या म्हणून. आता गुडघ्यांनी मला खाली बसवत नाही. सांजवात मी लावते, तेवढी लावीन."

थोरल्या सूनबाई बँकेत आहेत. सकाळी दोन डबे, मुलीची शाळा, स्वतःची घाई. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, रोजचं माझ्याच्यानं होणार नाही, आणि खोटं कबूल करणं मला आवडत नाही. पण रविवारी करीन. नीट, सगळं करीन."

रविवारी! युरोपात ज्या वाराची प्रार्थना ओस पडत चालली, तो वार आमच्या देवांना मिळत होता. मला हसू आले, पण ते दाखवले नाही. सूनबाईंनी सात दिवसांतला त्यांचा एकच मोकळा दिवस देऊ केला होता.

"मग बाकीचे सहा दिवस?" मी विचारले.

आमची नात दुसरीत आहे. तिने भाताचा घास गिळला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हांला तर रोजच सुट्टी असते."

कोणी हसले नाही. सौभाग्यवतींनी ताटाकडे पाहिले. सूनबाई वाढायला उठल्या. आईला जाऊन सव्वा वर्ष झाले होते. तेवढ्या काळात मी दोन्ही भावांशी या विषयावर वाद घातला होता, गुरुजींना भेटलो होतो, जर्मनी-फ्रान्सचे आकडे गोळा केले होते, धर्म का ओसरतो यावर वही भरून टिपणे काढली होती. सेवानिवृत्त, धडधाकट, सकाळी दोन तास वर्तमानपत्र वाचणारा थोरला मुलगा! 'तुम्हीच का करीत नाही?' हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी डबा खाली काढला. देव काळवंडले होते. चिंच लावून घासले. आधी गणपती की आधी कुलदेवता, हे आठवेना. बाण ताम्हनातून घरंगळला तो सोफ्याखाली गेला. त्याला काढायला मला पालथे पडावे लागले. सहाण आहे पण खोड वाटणीत धाकट्याकडे गेले, असे ध्यानात आले. त्याला फोन केला तर त्याने ते त्याच आठवड्यात कुरिअरने पाठवून दिले, चिठ्ठी न घालता.

त्याला आता वर्ष होत आले. सहा दिवस मी, रविवारी सूनबाई आणि नात. मी श्रद्धाळू झालो असे म्हणवत नाही. हात चालतात, मन कधी चालते, कधी वर्तमानपत्राकडे जाते. आईचेही असेच होत असेल का, असे मनात येते. ठाण्याचा भाऊ आला की आधी देवांपुढे बसतो. पुण्याचा दर रविवारी फोन करून विचारतो, "झाली का पूजा?" झाली म्हटले की त्याच्या आवाजात निवांतपणा येतो. मुखत्यारपत्र आता माझ्या नावावर झाले आहे, हे मला त्या आवाजावरून कळते. स्टुटगार्टचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो बाळकृष्ण माझ्यासाठी ठेवा. पण आत्ता नको." मी ठेवला आहे. 'आत्ता नको' म्हणजे काय, ते मी 'बघू' म्हणणारा माणूस पुरते जाणतो.

रविवारचा वार टिकेल की तोही एक दिवस गळून पडेल, याचे उत्तर कोणत्याच शिरगणतीत मला सापडले नाही. नातीला घंटा वाजवायला आवडते. उद्या तिला परीक्षा असतील, परवा नोकरी असेल.

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. पहाटे अंघोळी आटोपल्या, आणि देवांनाही आज तेल-उटणे लावायचे असते का, हे मला काही केल्या आठवेना. सौभाग्यवतींना खात्री नव्हती. पुण्याला फोन केला. धाकट्याला ठाऊक नव्हते. ठाण्याला केला, मधला म्हणाला, "आईच्या बोटांना उटण्याचा वास यायचा एवढं आठवतं, पण तो देवांचा की आपला?" आम्ही तिघेही फोन कानाला लावून थोडा वेळ गप्प राहिलो. विचारायचे माणूस एकच होते.

मग नातीने बोट बुडवून बाळकृष्णाला थोडे तेल लावले.